राजकीय देणगी: भागधारकांना विचारा

महोदय,

१५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक रोखे घटनाबाह्य ठरवले. त्याच निकालात कंपनी कायद्याच्या कलम १८२ मधला २०१७ चा बदलही रद्द झाला, त्याची चर्चा फार कमी झाली. या बदलामुळे तोट्यातली कंपनीही हवी तेवढी देणगी देऊ शकत होती आणि पक्षाचे नाव सांगायची गरज उरली नव्हती. आता मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा पुन्हा लागू आहे. तीन वर्षांचा नफा ३०, १८ आणि १२ कोटी असेल तर सरासरी २० कोटी. म्हणजे वर्षभरात सगळ्या पक्षांना मिळून दीड कोटी, प्रत्येकाला दीड कोटी नव्हे. ठराव संचालक मंडळाच्या बैठकीतच व्हावा लागतो, कागद फिरवून घेतलेल्या सह्या चालत नाहीत. पक्षाचे नाव आणि रक्कम नफा-तोटा पत्रकात दाखवावी लागते.

मोठ्या रकमांपेक्षा मला लहान आणि मध्यम कंपन्यांची काळजी जास्त वाटते. तिथे मागणी देणगी म्हणून येतच नाही. पक्षाच्या अधिवेशनाची स्मरणिका निघते, पूर्ण पानाचा दर कळवला जातो आणि मागणारा माणूस असा असतो की त्याला नाही म्हणणे जड जाते. बिल ‘जाहिरात व प्रसिद्धी’ खात्यात पडते. कलम १८२ नुसार पक्षाच्या स्मरणिकेतली किंवा पत्रिकेतली जाहिरात ही देणगीच आहे. तिला ठराव लागतो आणि ती मर्यादेतही मोजली जाते. प्राप्तिकरात ती जाहिरात धंद्याचा खर्च म्हणून वजा मिळत नाही, हे निराळेच. चूक उघड झाली तर कंपनीला रकमेच्या पाचपट दंड होऊ शकतो आणि जबाबदार अधिकाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद. दबाव आणणाऱ्यासाठी या कलमात शिक्षा नाही.

नाव जाहीर होते, पण केव्हा? एप्रिल २०२४ मध्ये लोकसभेच्या प्रचारकाळात दिलेली देणगी २०२४-२५ च्या हिशेबात येते. तो हिशेब वार्षिक सभेपुढे ठेवायची मुदत ३० सप्टेंबर २०२५. म्हणजे भागधारकाला कळेपर्यंत दीड वर्ष उलटते, सरकार केव्हाच बसलेले असते. पैसा निवडणूक न्यासामार्फत, म्हणजे कंपन्यांकडून देणग्या घेऊन त्या पक्षांना वाटणाऱ्या संस्थेमार्फत, गेला तर कंपनीच्या हिशेबात न्यासाचे नाव दिसते. न्यासाच्या अहवालात देणाऱ्यांची यादी असते, घेणाऱ्या पक्षांचीही असते. कोणाचा पैसा कोणाकडे गेला हे मात्र त्यात सांगितलेले नसते.

१९५७ साली टाटा आयर्न अँड स्टीलला पक्षांना देणगी देता यावी म्हणून कंपनीचे घटनापत्रक, म्हणजे तिची उद्दिष्टे सांगणारा मूळ दस्तऐवज, बदलायचे होते. त्यासाठी भागधारकांचा विशेष ठराव आणि न्यायालयाची मंजुरी लागत होती. मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्या मुंबई उच्च न्यायालयाने मंजुरी दिली. पण अशा देणग्यांपासून लोकशाहीला असलेला धोका स्पष्ट शब्दांत नोंदवला आणि संसदेने मर्यादांचा विचार करावा असे सुचवले. १९६० मध्ये मर्यादा आली, १९६९ मध्ये बंदी, १९८५ मध्ये परवानगी परत. आज संचालक मंडळाचा ठराव पुरतो, भागधारकाला विचारावे लागत नाही.

ब्रिटनमध्ये ठरावीक रकमेवरच्या राजकीय देणगीला भागधारकांची आगाऊ मंजुरी लागते आणि ती जास्तीत जास्त चार वर्षे चालते. आपल्याकडेही कलम १८२ मध्ये तशी अट घालावी आणि देणगी दिल्यापासून ३० दिवसांत ती कंपनीच्या संकेतस्थळावर जाहीर करायला लावावी. यात कंपनीचेही रक्षण आहे. फोन आला की ‘सभेची मंजुरी नाही, देता येत नाही’ असे व्यवस्थापकीय संचालक कायद्यावर बोट ठेवून सांगू शकेल. कायदा बदलेपर्यंत थांबायचीही गरज नाही: भागधारकांच्या मंजुरीशिवाय देणगी नाही, अशी अट कोणतीही कंपनी विशेष ठरावाने आपल्या नियमावलीत येत्या वार्षिक सभेतच घालू शकते.

— एक वाचक, पुणे