परकराची रिबन

नाशिक

चि. मेघा हिस,
अनेक आशीर्वाद.

चिऊच्या दिवाळीच्या परकर-पोलक्याचं पार्सल काल कुरिअरला दिलं. त्यात खण, अस्तराची मलमल, बंडीसाठी पांढरं पॉपलिन, पोलक्याचं मोरपंखी सुती कापड आणि कागदाच्या पुडीत लेस नि रिबन आहे. पुडी फोडून लगेच मशीनवर बसू नकोस, आधी हे वाच. नीट शिवता येणारे हात लेस लावताना हमखास फसतात, कारण कापड आणि लेस ही दोन वेगळी बिऱ्हाडं आहेत. एक पाण्यात आटतं, दुसरं आटत नाही. एक वळतं, दुसरं ताठ राहतं. ही भांडणं मशीनवर नाही मिटत, त्याच्या आधी मिटवायची.

खण मूळचा तुमच्याच राज्यातला, बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा. तो नाशकाच्या मेनरोडवरून घेऊन परत बंगळूरला पाठवतोय, याला तुझी आई कालपासून हसते आहे. असो. याचा पन्हा, म्हणजे रुंदी, ३१ इंच आहे आणि दोन्ही बाजूंना अडीच-अडीच इंचांचे काठ आहेत. हल्ली रुंद पन्ह्याचाही खण मिळतो, म्हणून पुढेमागे तू स्वतः घेतलास तर टेपने मोजून घे, दुकानदाराच्या सांगण्यावर कापू नकोस.

पहिलं काम पाण्याचं. मलमल, पॉपलिन, पोलक्याचं कापड आणि सुती क्रोशाची लेस कोमट पाण्यात अर्धा तास बुडवून ठेव, न पिळता सावलीत वाळव, इस्त्री कर. हे न करता लेस पोलक्यावर शिवलीस तर पहिल्या धुण्यात लेस आटते, खालचं कापड तेवढं आटत नाही, आणि गळा बटव्यासारखा गोळा होतो. मग इस्त्रीने काही होत नाही, उसवावंच लागतं. खण मात्र भिजवायचा नाही. त्याचा एक कोपरा ओल्या पांढऱ्या रुमालात दहा मिनिटं दाबून धर. रुमालावर किरमिजी उतरला तर पांढरी लेस त्या खणाच्या आसपासही नेऊ नकोस, ती गुलाबी होणारच. मोहरी रंगाची रिबन याच हिशेबाने निवडली आहे. ती पॉलिएस्टर सॅटिनची आहे, तिला पाणी दाखवायची गरज नाही.

कुठली लेस कशाची हे कळत नसेल तर बोटभर तुकडा चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर पेटव. सुती असेल तर कागद जळल्यासारखा वास येतो आणि मऊ राख पडते. पॉलिएस्टर किंवा नायलॉन आक्रसतं, वितळतं आणि टोकाशी कडक मणी होतो. रिबनीची टोकं बंद करायला हाच मणी उपयोगी पडतो. टोक तिरकं काप आणि मेणबत्तीच्या ज्योतीच्या बाजूला क्षणभर धर. ज्योतीच्या वर धरलीस तर काजळी बसते आणि मोहरी रंगावर ती जात नाही.

आता परकर. चिऊची कंबर २१ इंच म्हणालीस, सैलसर २२ धरू. खण आडवा वापरायचा, म्हणजे त्याचा पन्हा ही परकराची उंची आणि त्याची लांबी हा घेर. १ मीटर ६० सेंटीमीटर, म्हणजे ६३ इंच लांबी पाठवली आहे. एकाच शिवणीला दोन्हीकडून अर्धा-अर्धा इंच माया (शिवणीत दबणारं कापड) गेली की ६२ राहतात. खालचा काठ आपोआप खाली येतो आणि तिथे कापडाची विणलेली कड असल्याने दुमड घालावी लागत नाही. वरचा काठ पाव इंच माया ठेवून कापून काढ, तो बाह्यांच्या पट्ट्यांना लागेल. ३१ मधून पावणेतीन गेले, राहिले सव्वाअठ्ठावीस. कमरेच्या शिवणीला अर्धा, राहिले पावणेअठ्ठावीस. वाढत्या वयासाठी एक-एक इंच खोल अशा दोन आडव्या दुमडी घाल, प्रत्येक दुमड दोन इंच खाते. म्हणजे पावणेचोवीस. पाच वर्षांच्या पोरीला घोट्यापर्यंत तेवढे पुरतात. दुमडी काठाच्या वर, बाहेरच्या बाजूला, तोंड खाली करून घालायच्या, आणि त्यांचा टाका मोठा, ४ मिमीचा ठेव. त्या पुढे उसवायच्याच आहेत.

६२ चे २२ करायचे तर ४० इंच प्लीट्समध्ये जिरवायचे. खण जाड असतो, दोरा ओढून चुण्या केल्यास तर कमरेवर वळकटी होईल. म्हणून एक इंच खोल अशा २० प्लीट्स, प्रत्येक दोन इंच खाते, आणि दोन प्लीट्समधलं अंतर १.१ इंच. यात घाई नको. प्रत्येक प्लीट एकच मिलिमीटर जास्त खोल गेली तरी वीस प्लीट्समध्ये ४ सेंटीमीटर कंबर कमी भरते. आधी खडूने सगळ्या खुणा करून घे आणि धावदोरा घालून बंडीशी लावून बघ. परकर नाडीवर नको. या वयात पोरींना कंबर आणि पोट सारखंच असतं, नाडीचा परकर धावताना खाली येतो. पॉपलिनच्या बिनबाह्यांच्या बंडीलाच तो जोडून टाक, वरून पोलकं येणारच आहे.

रिबन कधी लावायची, तर बाजूची शिवण घालायच्या आधी, कापड सपाट असताना. हे बहुतेकजण उलटं करतात. आधी घेर जोडतात आणि मग त्या नळीवर रिबन फिरवत बसतात, आणि शेवटी जोडाची दोन टोकं बाहेर दिसतात. सपाट कापडावर लावलीस तर दोन्ही टोकं शिवणीत गडप होतात. बाह्यांचंही तसंच, लेस आधी, काखेची शिवण नंतर. मात्र शिवण घालताना दोन्हीकडच्या रिबनी एकमेकींसमोर येताहेत ना, ते तिथे टाचणी लावून बघ.

परकरावर एकच ओळ घ्यायची, काठ आणि अंग जिथे भेटतात त्या रेघेवर. रिबन ६ मिमी रुंद आहे. सुई ११ नंबरची नवी घाल, टाका अडीच मिमी, दोरा रिबनीच्या रंगाचा. जुन्या सुईचं टोक बोथट असतं, ते सॅटिनचे धागे ओढतं आणि मग रिबनीवर आडव्या रेघा उमटतात. टाचणीची भोकंही सॅटिनवर कायमची राहतात, म्हणून टाचायचं ते अगदी कडेला, जिथे टीप येणार आहे तिथेच.

मशीनचे दाते फक्त खालचं कापड पुढे नेतात. वरची रिबन मशीनच्या फुटाखाली, म्हणजे कापड दाबणाऱ्या पट्टीखाली, घासते आणि मागे रेंगाळते, म्हणून शेवटाला रिबन उरते. ते टाळायला हात आपोआप रिबन ताणतो, आणि ती जास्त मोठी चूक. ताणलेली रिबन सुई पुढे गेल्यावर आखडते आणि सबंध घेराला बारीक चुण्या पडतात. त्याऐवजी खणावर आणि रिबनीवर दर चार इंचांवर खडूची बारीक खूण कर, खुणेला खूण जुळवून धावदोरा घाल, आणि फुटाचा दाब थोडा कमी करून शीव. दोन कडांच्या दोन टिपा एकाच दिशेने घालायच्या. एक जाताना आणि एक येताना घातलीस तर वेळ वाचतो खरा, पण दोन कडा विरुद्ध दिशांना सरकतात आणि रिबनीवर दोरखंडासारखे तिरके पीळ दिसतात.

आता गळा. तू फोटोत दाखवलेल्या गोल गळ्यावर अर्धा इंच रुंद रिबन हवी आहे. ती बसणार नाही, आणि त्यात तुझ्या हाताचा दोष नाही. रिबन सरळ विणलेली असते, तिच्या दोन्ही कडा सारख्याच लांब. गोलावर मात्र बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा लांब लागते. किती, तर रुंदीच्या सव्वासहा पट. गळा लहान असो की मोठा, हा फरक तेवढाच राहतो. अर्ध्या इंचाच्या रिबनीला पुऱ्या वर्तुळात सव्वातीन इंचांच्या जरा आत. बाहेरची कड नीट शिवलीस तर आतल्या कडेला तेवढी रिबन फुगून उभी राहील, आणि चिऊचा गळाच मुळात बारा-तेरा इंचांचा. मोठ्या घेरावर हाच फरक साठ इंचांत वाटला जातो, म्हणून तिथे खपतो. गळ्यावर तो लपत नाही.

तुझ्यापुढे वाटा तीन आहेत. गोलच हवा असेल तर पोलक्याच्याच कापडाची उरेब पट्टी काप, ४५ अंशात तिरकी, सव्वा इंच रुंद. तिरकं कापड ताणलं जातं, म्हणून ते वळतं. किंवा पुडीतली नागमोडी लेस घे. तिची वळणं आतल्या बाजूला मिटतात, बाहेर उघडतात, तिला मधोमध एकच टीप पुरते. आणि सॅटिनच हवी असेल तर गळाच चौकोनी कर. लहान मुलीला तो शोभतोही जास्त, हे माझं मत.

चौकोनी गळ्याचा कोपरा असा काढायचा. रिबनीची बाहेरची कड, म्हणजे गळ्यापासून लांबची, शिवत कोपऱ्यापर्यंत ये आणि तिथे थांब, टीप पक्की कर, दोरा तोड. रिबन आली त्याच वाटेने मागे दुमड, उलटी बाजू वर येईल. आता बाहेरच्या कोपऱ्यापासून आतल्या कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ खडूने आख, आणि दोन्ही पदर धरून त्या रेघेवर टीप घाल. मग वरचा पदर पुढच्या बाजूकडे उलट. रिबन सुलट होऊन काटकोनात वळलेली दिसेल आणि जास्तीचा त्रिकोण खाली दबेल. नखाने दाबून बघ, टोक नेमकं बसलं तरच पुढची कड शिवायला घे. चारही कोपरे झाले की शेवटी आतल्या कडेची टीप. पहिला कोपरा टाकाऊ चिंधीवर करून बघ, दुसऱ्यांदा हात बसतो.

गळ्याला आतून मलमलची उरेब पट्टी लावायला विसरू नकोस. लेसची मागची बाजू आणि जरीची तार मानेला टोचते, आणि मग पोरगी दहा मिनिटांत पोलकं काढून फेकते. गळ्याशी लोंबत्या रिबनी, गोंडे किंवा मणी नकोत. फूल हवं तर ते सगळीकडून शिवून पक्कं कर. आणि दिवाळी आहे. सॅटिन आणि नेट पणतीच्या ज्योतीला वितळतं आणि कातडीला चिकटतं. म्हणून नेटची झालर मी मुद्दामच घेतली नाही, तू तिथे घेऊही नकोस.

बाह्यांच्या काठपट्ट्यांना प्रत्येकी ९ इंच, शिवून ८ राहतील. कापलेली कड पाव इंच आत दुमड. तिथे जरीची पातळ लेस द्यायची असेल तर हाताने, लपत्या टाक्याने दे. मशीनची सुई जरीची पत्र्यासारखी चपटी तार कापते. शिवाय हाताची लेस धुण्याआधी काढून परत लावता येते.

आजीच्या पैठणीचा काठ कापून पोलक्याला लावू का, असं विचारलंस. आधी तो काठ उजेडासमोर धर. घडीच्या रेघेवर रेशीम चिरलेलं दिसलं तर कात्री लावू नकोस, शिवणीच्या ताणाने ते तिथेच फाटेल. कापड दणकट असेल तरी कापायच्या रेघेच्या दोन्ही बाजूंना आधी मशीनने बारीक टीप घाल, मगच काप, नाहीतर धागे सुटत जातात. बाहेरची कड विणलेलीच असते, तिला काही करावं लागत नाही. पण खरं विचारशील तर येवल्याला नुसते काठ विकत मिळतात, साडी राहू दे.

इस्त्री सगळी उलट्या बाजूने, खाली टॉवेल घालून. रिबन आणि जरीवर सर्वात कमी आच, वर सुती फडकं. धुताना परकर उलटा करून गार पाण्यात, न पिळता.

आता राहिली ती पुडीच्या तळाची १० मीटरची रिबन. पुढच्या वर्षी चिऊ वाढली की खालची दुमड उसव. खणावर तेव्हा तीन रेघा दिसतील: दोन टिपांच्या भोकांच्या आणि मधली घडीची, एकेक इंचावर. दुमडीत लपलेला खण कमी विटलेला असेल, तोही पट्टा दिसेल. त्या तीन रेघांवर रिबनीच्या तीन ओळी शिवल्या की वाटेल ते मुद्दाम केलेलं आहे. तीन ओळींना पावणेपाच मीटर लागते, दोन दुमडींना मिळून साडेनऊ. आताच घेतली, कारण रंगाचा पुढचा घाणा तंतोतंत जुळत नाही. उजेडात ठेवू नकोस. आईने त्यावर ‘पुढच्या वर्षी’ अशी चिठ्ठी लावली आहे, पण चिऊच्या हाती लागली तर बाहुलीच्या वेणीला जाईल. वरच्या फळीवर टाक.

बंडीचं माप पाठवून दे, काजांची जागा मी खुणा करून पाठवतो.

तुझे बाबा