चिनी घरातलं पंचशील

संपादक महोदय,
सस्नेह जय भीम.

रविवारच्या पुरवणीत चिनी पालकांच्या शिस्तीवर लेख आला होता. त्यात सगळं श्रेय आणि सगळा दोष एकट्या कन्फ्यूशियसच्या पदरात घातला आहे. मला ते पटलं नाही. घरच्या शिकवणीसाठी चीनमध्ये शतकानुशतकं वाचलं गेलेलं पुस्तक यान झीतुईचं आहे. सहाव्या शतकातला हा विद्वान. लिआंगपासून सुईपर्यंत चार राजवटींची चाकरी केली आणि उतारवयात मुलांसाठी वीस प्रकरणं लिहून ठेवली. त्यातलं सोळावं अख्खं प्रकरण बुद्धाच्या शिकवणीच्या बाजूने आहे.

ते इंग्रजीत वाचताना मी एका जागी थांबले. कन्फ्यूशियसच्या परंपरेतले पाच सद्गुण आणि बौद्धांची पाच शीलं यान शेजारी शेजारी मांडतो. माणुसकी म्हणजे जीव न घेणं, न्यायाने वागणं म्हणजे चोरी न करणं, मर्यादा म्हणजे व्यभिचार न करणं, सचोटी म्हणजे खोटं न बोलणं. आणि शहाणपण म्हणजे दारू न पिणं! माझे वडील नागपुरात गिरणी कामगार होते, १९५६ साली दीक्षाभूमीवर त्यांनी दीक्षा घेतली. रोज संध्याकाळी ते आम्हा भावंडांना ओळीने बसवून वंदना म्हणायला लावत. दारू न पिण्याच्या शीलातलं 'सुरामेरय' आलं की थांबायचे आणि म्हणायचे, "पोरांनो, शहाणपण जातं ते ह्याच वाटेनं." यानचं नावही त्यांनी ऐकलेलं नव्हतं.

पुस्तकातलं सगळंच मला मान्य आहे असं नाही. वांग नावाच्या सेनापतीची आई तो मुलगा चाळिशी ओलांडून तीन हजार सैनिकांचा नायक झाला तरी मनाविरुद्ध वागला की त्याला मारायची, आणि म्हणूनच तो मोठा झाला, असं यान कौतुकाने सांगतो. एकतीस वर्षं शाळेत शिकवल्यावर मी हे मुळीच मानणार नाही. पण तो असं का म्हणतो, ते प्रस्तावनेत कळतं. नवव्या वर्षी तो पोरका झाला. थोरल्या भावांनी मायेने वाढवलं, पण धाक कुणाचा नव्हता, आणि त्यामुळे आपलं नुकसान झालं असं त्याला आयुष्यभर वाटत राहिलं.

दुसरीकडे हाच माणूस लिहितो की उसनं आणलेलं पुस्तक जपावं, फाटलेलं असेल तर दुरुस्त करून परत द्यावं. ज्या रद्दी कागदावर ज्ञानी माणसांची नावं आहेत, तो घाणेरड्या कामाला वापरायची त्याची छाती होत नाही. पुस्तकाला पाय लागला की आपल्याकडची पोरं लगेच नमस्कार करतात, तीच ही भावना.

शेवटच्या प्रकरणात तो स्वतःच्या मरणाची व्यवस्था सांगतो. पितरांना नैवेद्य दाखवणं ही कन्फ्यूशियसच्या वाटेने जाणाऱ्या घरातली रीत. ती तो मोडत नाही, पण माझ्यासाठी जनावर मारू नका, त्याने माझ्यावरचा पापाचा भार वाढेल, असं मुलांना बजावतो. साधं शाकाहारी अन्न ठेवा आणि सातव्या महिन्याच्या पौर्णिमेला उल्लंबन, म्हणजे मृतांसाठीचा बौद्ध विधी, करा. त्या विधीमागची कथा बुद्धाचा शिष्य मोग्गल्लान याने प्रेतलोकातल्या आईला सोडवल्याची. आईवडिलांचं ऋण आणि बुद्धाची करुणा एकाच ताटात वाढलेली इथे दिसते. पुरवणीतल्या लेखकाने नेमकं हेच ताट बाजूला सारलं.

पुरवणीत जागा मिळणार असेल, तर त्या सोळाव्या प्रकरणातला पाच शीलांचा भाग इंग्रजीवरून मराठीत करून पाठवायला मी तयार आहे.

एक निवृत्त शिक्षिका, नागपूर