लघवीची पट्टी बीपी-शुगरच्या रुग्णांसाठीही वापरा

मा. संपादक,

महोदय,

तालुक्याच्या गावी डायलिसिसची यंत्रे आल्याच्या बातम्या अधूनमधून आपल्या दैनिकात वाचायला मिळतात. २०१६ मध्ये राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला आणि गरिबांना ही सोय सरकारी रुग्णालयात मोफत मिळू लागली, ही मोठीच गोष्ट आहे. पण आठवड्यातून दोन-तीनदा चार-चार तास यंत्राला जोडून पडायची, आणि घरच्या कुणीतरी मजुरी बुडवून शेजारी बसायची पाळी येण्याआधी बरीच वर्षे हातात असतात. त्या वर्षांत काय करता येते, याबद्दल फार कमी बोलले जाते. सरकारी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत माझी सगळी नोकरी गेली, म्हणून हे कळकळीने लिहिते आहे.

किडनीचा आजार सुरुवातीला दुखत नाही, खुपत नाही. किडनी गाळून बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ, म्हणजे क्रिएटिनीन, रक्तात वाढलेला दिसतो तोवर बहुधा किडनीचे निम्मे काम थांबलेले असते. मधुमेह आणि रक्तदाबाच्या पुष्कळ रुग्णांत त्याच्या बरेच आधी लघवीतून अल्ब्युमिन नावाचे प्रथिन झिरपू लागते. ते शोधायला आम्ही पूर्वी परीक्षानळीतली लघवी स्पिरिटच्या दिव्यावर तापवायचो, गढूळ झाली की ॲसेटिक ॲसिडचे थेंब टाकायचो आणि गढूळपणा तसाच राहिला तर प्रथिन आहे असे लिहायचो. आता रसायन लावलेली छोटी पट्टी लघवीत बुडवली की मिनिटभरात रंग सांगतो. ही पट्टी उपकेंद्राच्या तपासण्यांच्या यादीत आहे, गरोदर बायकांची लघवी तिच्यावरच तपासली जाते. त्याच उपकेंद्रात तीस वर्षांवरील लोकांचा बीपी मोजतात, बोटाला टोचून साखर बघतात. साखर जास्त निघालेल्या माणसाला लघवीची बाटली मात्र सहसा कुणी देत नाही. तिथेच ही तपासणी जोडावी, एवढीच माझी मागणी आहे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी रुग्ण आहेत. टाइप २ मधुमेहाचे निदान झाल्या दिवसापासून दरवर्षी लघवीतले अल्ब्युमिन तपासावे, असे वैद्यकीय मार्गदर्शन आहे. शहरातल्या लॅबमध्ये हे होते. ऊसतोडीला जाणारा माणूस मात्र रिपोर्ट घ्यायला चार दिवसांनी परत येत नाही. तो समोर बसलेला असतानाच निकाल हाती आला, तर डॉक्टर त्याच बैठकीत पुढचे पाऊल ठरवू शकतात. रुग्णासमोरच होणाऱ्या तपासणीचे मोल त्यात आहे.

साध्या पट्टीची मर्यादाही सांगितली पाहिजे. तिच्यावर ‘एक प्लस’, म्हणजे प्रथिन असल्याचा ठळक रंग, उमटायला डेसिलिटरमागे साधारण ३० मिलिग्रॅम प्रथिन लागते. त्याहून कमी झिरपत असेल, तर आजाराची पहिली पायरी निसटते. शिवाय भरपूर पाणी पिऊन आलेल्याची लघवी पातळ असते आणि पट्टी कोरी राहते. म्हणून अल्ब्युमिनचे क्रिएटिनीनशी प्रमाण काढणारी एसीआर चाचणी हवी. ग्रॅममागे ३० मिलिग्रॅमच्या वर गेले की सावध व्हायचे. ही चाचणी करणाऱ्या पट्ट्या आणि टेबलावर मावणारी छोटी यंत्रे मिळतात, काही मिनिटांत आकडा येतो. उपकेंद्रात साधी पट्टी आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात एसीआर, अशी विभागणी सहज जमेल. पट्टी कोरी निघाली तरी शुगरच्या रुग्णाची वर्षातून एकदा एसीआर झालीच पाहिजे.

एका प्लसवरून कुणाला किडनीचा रुग्ण ठरवू नये. ताप, लघवीतला जंतुसंसर्ग, पाळी, आदल्या दिवशीचे अतिश्रम यांनीही रंग बदलतो. सकाळच्या पहिल्या लघवीवर, तीन महिन्यांच्या अंतरात पुन्हा तपासूनच निदान करायचे असते. आंध्रातल्या उद्दानमसारख्या भागात शेतमजुरांना होणाऱ्या किडनीच्या आजारात तर लघवीत प्रथिन अनेकदा फारसे जातच नाही, तिथे रक्ताची तपासणी लागतेच. आणि पट्ट्यांची डबी! झाकण उघडे राहिले की आपल्या पावसाळी हवेत पट्ट्या दमट होतात आणि भलतेच रंग दाखवतात. ज्या उपकेंद्रात स्वच्छतागृहाला पाणी नाही, तिथे बायका नमुना द्यायला कचरतात, हेही खरेदीची फाइल तयार करणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

जपानमध्ये १९७४ पासून शाळकरी मुलांची लघवी दरवर्षी तपासली जाते. आपण निदान ज्यांना धोका जास्त आहे त्यांच्यापासून सुरुवात करू शकतो, कारण आता हाती उपचारही आहेत. टेल्मिसार्टन, रामिप्रिल ही रक्तदाबाची जुनी औषधे सरकारी दवाखान्यांना परवडतात. डापाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या औषधाचे मूळ पेटंट २०२० मध्ये संपल्यापासून देशी कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या आल्या आहेत. या औषधांनी किडनीची घसरण मंदावते, हे मोठ्या चाचण्यांत सिद्ध झाले आहे.

असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात २०२३ च्या नव्या मार्गदर्शक सूचनांनुसार किडनीचा जुनाट आजारही आला आहे. तेव्हा आरोग्य विभागाने जिल्ह्यांच्या पुढच्या वार्षिक आराखड्यात एसीआरच्या साहित्यासाठी वेगळी तरतूद करावी, बीपी-शुगरच्या नोंदवहीत लघवीतल्या अल्ब्युमिनचा रकाना वाढवावा आणि प्लस आलेल्या रुग्णाची तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करून घेण्याची जबाबदारी समुदाय आरोग्य अधिकाऱ्यावर नेमून द्यावी.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, सातारा जिल्हा