नव्या नगरसेवकांनी बाकांआधी मोजमाप पुस्तक मागावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जानेवारी २०२६ मध्ये राज्यातल्या २९ महापालिकांच्या निवडणुका झाल्या आणि रखडलेली सभागृहे पुन्हा भरली. मुंबई-पुण्यात २०२२ पासून, तर नवी मुंबई, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर इथे २०२० पासून प्रशासकच कारभार पाहत होते. एवढ्या खंडानंतर निवडून आलेल्यांत सभागृहाची पायरी पहिल्यांदाच चढणारे पुष्कळ आहेत. हारतुरे संपले की त्यांच्यापुढे प्रश्न येतो तो प्रभागासाठी नेमके करायचे काय हा. उत्तर बहुधा ठरलेले असते : बाके, स्वागतकमान, नामफलक, पेव्हर ब्लॉक, कापडी पिशव्या. ही कामे चटकन होतात, फोटोत दिसतात आणि त्यावर नाव घालता येते. परंतु शहराचे काही देणे फेडायचे असेल, तर नगरसेवकाने कागद, विशेषतः कामाच्या मोजणीची नोंदवही असलेले मोजमाप पुस्तक, वाचावेत आणि काम चालू असताना तिथे उभे राहावे. दुसऱ्या कोणत्याही गोष्टीने प्रभागाचे इतके भले होत नाही.

कायद्याने कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे आहेत. नगरसेवक कनिष्ठ अभियंत्याला आदेश देऊ शकत नाही, ठेकेदाराला तर नाहीच. त्याच्या हातात दोनच गोष्टी आहेत : पैसा मंजूर करणे आणि प्रश्न विचारणे. मुख्य सभा दर महिन्याच्या २० तारखेपर्यंत व्हावी लागते आणि आगाऊ लेखी सूचना देऊन आयुक्तांना प्रश्न विचारता येतो. लेखी प्रश्नाला लेखी उत्तर मिळते आणि ते दप्तरी राहते. सभागृहात आरडाओरडा करून मिळालेल्या तोंडी आश्वासनाचा महिन्याभराने कुणी पुरावा मागितला, तर दाखवायला काही नसते.

पैशाचे आधी पाहू. आयुक्त अंदाजपत्रक स्थायी समितीला सादर करतात, समिती त्यात फेरफार करते आणि मग ते मुख्य सभेपुढे येते. करांचे दर मात्र २० फेब्रुवारीपर्यंत ठरवावे लागतात. हा जाडजूड ग्रंथ पाहून नवा माणूस गांगरतो आणि फक्त आपल्या प्रभागाचे पान उघडतो. त्याने आधी तीन ठिकाणी बोट ठेवावे. पहिले, मागच्या वर्षीच्या तरतुदीतले प्रत्यक्ष किती खर्च झाले तो रकाना. दुसरे, दायित्व, म्हणजे आधीच कार्यादेश दिलेल्या कामांची द्यायची राहिलेली रक्कम. तिसरे, टोकन तरतुदी. कोट्यवधीच्या पुलासमोर एखादा लाख ठेवलेला असतो. त्यातून पूल होत नाही, फक्त लेखाशीर्ष, म्हणजे त्या कामाचे अंदाजपत्रकातले खाते, जिवंत राहते आणि पुढाऱ्याला भूमिपूजनाचा नारळ फोडता येतो. अशा टोकन कामांची यादी काढून सभेत वाचून दाखवणे एवढे काम एका नगरसेवकाने केले, तरी पुष्कळ धुके विरेल.

खरा घोळ पुढे, जानेवारीपासून मार्चपर्यंत होतो. त्याला वर्गीकरण म्हणतात. एका कामाचे पैसे दुसऱ्या कामाकडे वळवायचा हा ठराव असतो. मलवाहिनी बदलण्याचे काम रेंगाळले की तिचे पैसे उचलून बाके, कचऱ्याचे डबे, विद्युत रोषणाई यांच्याकडे जातात, कारण ती खरेदी ३१ मार्चच्या आत उरकते. मलवाहिनी पुढच्या वर्षी पुन्हा शून्यापासून. वर्गीकरणाच्या प्रत्येक प्रस्तावावर एकच प्रश्न विचारावा : पैसे ज्या कामातून काढले, ते काम का झाले नाही? जागा ताब्यात नव्हती, निविदेला प्रतिसाद आला नाही की पूर्वगणनपत्रकच, म्हणजे कामाच्या खर्चाचा तपशीलवार अंदाज, झाले नव्हते? कारण कळले की उपाय करता येतो.

आता रस्त्याचे उदाहरण तपशिलात घेतो, कारण नगरसेवकाच्या वाट्याला येणाऱ्या निधीतून सर्वांत जास्त होणारे आणि सर्वांत जास्त फसणारे काम हेच आहे. समजा, गल्लीत १०० मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि १५ सेंटीमीटर जाडीचा काँक्रीट रस्ता मंजूर आहे. गुणाकार करा : ६० घनमीटर काँक्रीट. काँक्रीटची फिरती गाडी ६ घनमीटरची धरली, तर १० गाड्या यायला हव्यात. प्रत्येक गाडीबरोबर प्लांटचे चलन, म्हणजे माल पाठवल्याची पावती, येते. त्यावर वेळ, प्रमाण आणि घनमीटर लिहिलेले असतात. चलने ७ निघाली, तर जाडी कुठेतरी १० सेंटीमीटरवर आली आहे हे सांगायला अभियंता लागत नाही. इतक्या काँक्रीटसाठी भारतीय मानकाप्रमाणे ५ नमुने आणि प्रत्येक नमुन्याचे ३ ठोकळे घ्यायचे असतात. ठोकळ्यांच्या ताकदीचा २८ दिवसांनंतरचा अहवाल देयकाच्या फाइलला लावलेला आहे का, ते पाहावे. ठोकळे याच कामाचे आहेत ना, हे त्यांच्यावरच्या तारखेवरून ताडता येते.

काँक्रीट ओतल्यानंतरच्या दोन गोष्टींकडे दुर्लक्ष होते आणि तिथेच रस्ता जातो. सांधे साधारण दर ४ ते ४.५ मीटरवर, एका दिवसाच्या आत, जाडीच्या पाव ते तिसऱ्या हिश्शापर्यंत कापावे लागतात. कटर दुसऱ्या साइटवर आहे म्हणून तिसऱ्या दिवशी कापले, तर तोवर काँक्रीटने स्वतःच वाकडातिकडा तडा पाडून घेतलेला असतो. दुसरी गोष्ट पाण्याची. किमान १४ दिवस गोणपाट ओले ठेवून किंवा छोटे बांध घालून पाणी धरावे लागते. गल्लीत लोक गाड्या काढायची घाई करतात, नगरसेवकाला फोन जातो आणि तोच तिसऱ्या दिवशी रस्ता खुला करायला सांगतो. लोकांचा रोष दोन आठवडे सोसून रस्ता बंद ठेवणे हीही सेवाच आहे.

हे सगळे करण्याआधीचा मुद्दा त्याहून मोठा. जुन्या डांबरावर थेट काँक्रीट ओतले की रस्ता उंच होतो आणि तळमजल्यांत पावसाचे पाणी शिरते. जुना थर खरवडून काढण्याची बाब पूर्वगणनपत्रकात हवी. त्याचबरोबर खालची पाण्याची आणि मलनिःसारणाची लाइन किती जुनी आहे, घरगुती जोडण्यांसाठी आडवे पाइप टाकून ठेवले आहेत का, हे विचारावे. नाहीतर वर्षभरात तोच रस्ता नळजोडासाठी फोडला जातो. खोदलेला चर भरताना माती १५ ते २० सेंटीमीटरच्या थरांनी दाबत यायची असते. एकदम सगळी माती ढकलून वर डांबर फासले, तर पहिल्याच पावसात चर खचतो. भाजलेल्या पापडासारखे वरून सपाट दिसणारे असे चर शहरभर आहेत.

मोजमाप पुस्तक, ज्याला सगळे एम.बी. (मेझरमेंट बुक) म्हणतात, ते इथे कामाला येते. झाकले जाणारे काम, म्हणजे खोदाईची खोली, मुरुमाचा थर, पाइपखालची वाळू, झाकण्याआधी मोजून त्यात नोंदवायचे असते. तारीख पाहा. मुरुमाची नोंद काँक्रीटनंतरच्या तारखेची असेल, तर ते मोजमाप टेबलावर झाले आहे. शेवटच्या देयकात वाढीव परिमाण किंवा जादा बाब आली असेल, तर तिची मंजुरी कोणी आणि केव्हा दिली, तेही बघावे. मग निविदेतला दोषदायित्व कालावधी वहीत लिहून ठेवावा. त्या मुदतीत तडा गेला तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचे असते आणि त्याची सुरक्षा ठेव महापालिकेकडे असते. लेखी तक्रार कुणीच करत नाही, मुदत उलटते, ठेव परत जाते आणि दुरुस्ती पुन्हा आपल्या करातून होते. कालावधी संपण्याआधी दोन महिने रस्त्यावरून चालत जाऊन फोटोसह पत्र द्यावे.

नालेसफाईलाही हीच नजर हवी. गाळ वजनावर मोजला जात असेल, तर वजनकाट्याच्या पावत्या आणि गाड्यांच्या फेऱ्यांच्या वेळा जुळतात का ते बघावे. काढलेला गाळ काठावरच ठेवला असेल, तर काम झालेच नाही असे धरावे. पहिली सर आली की तो परत नाल्यात उतरतो.

मुंबई सोडून इतर महापालिकांत बहुसदस्यीय प्रभाग आहेत. पुण्यात ४१ प्रभागांत १६५ नगरसेवक आहेत, म्हणजे बहुतेक ठिकाणी एका प्रभागाला चौघे. कायद्याने चौघांचाही अधिकार पूर्ण प्रभागावर सारखा. व्यवहारात मात्र चौघे गल्ल्या वाटून घेतात आणि हद्दीवरचा नाला कुणाचाच राहत नाही. गल्ल्यांऐवजी विषय वाटावेत असे माझे मत आहे. एकाने पाणीपुरवठा, एकाने मलनिःसारण आणि नाले, एकाने रस्ते, एकाने शाळा-दवाखाने पाहावेत. पक्ष वेगळे असले तरी हे जमते, कारण चारही विषयांचे श्रेय ज्याचे त्याला मिळते. निम्म्या जागा महिलांच्या आहेत. तिथे अधिकाऱ्यांनी बैठक निवडून आलेल्या बाईंशीच घ्यावी. पतीराज फाइल घेऊन आले, तर त्यांना नम्रपणे बाहेर बसवावे. नगरसेविकेला विषय कळू लागण्याचा दुसरा मार्ग नाही.

निवडणूक न लढवताही शहरासाठी काम करू इच्छिणारे पुष्कळ असतात : निवृत्त अभियंते, लेखापाल, डॉक्टर, मुख्याध्यापिका. त्यांच्यासाठी दारे आहेत. प्रभाग समितीवर त्या भागात काम करणाऱ्या संस्थांचे जास्तीत जास्त ३ सदस्य घेता येतात. स्वीकृत, म्हणजे निवडणुकीशिवाय नेमलेल्या, नगरसेवकांची संख्या एकूण सदस्यांच्या १० टक्के किंवा १०, यांतली कमी असेल ती. त्यांना मतदानाचा अधिकार नसतो, बोलण्याचा असतो. ही जागा पालिका कारभाराची जाण असलेल्यांसाठी आहे, पराभूत उमेदवारांच्या सोयीसाठी नाही. सर्व पक्षांनी निदान निम्मी नावे खऱ्या जाणकारांची द्यावीत. पुण्यात २००६ पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामे मागवण्याची पद्धत आहे. तिथे “रस्ता चांगला करा” असे लिहिले की अर्ज बाजूला पडतो. जागेची खूण, अंदाजे लांबी-रुंदी, जागा महापालिकेची असल्याची खात्री आणि एक फोटो दिला, तर क्षेत्रीय कार्यालयातल्या अभियंत्याला पूर्वगणनपत्रक करता येते.

शेवटी एक मागणी. स्थायी समितीची विषयपत्रिका आणि तिच्यासोबतचे प्रस्ताव प्रत्येक महापालिकेने बैठकीच्या किमान तीन दिवस आधी, शोधता येतील अशा स्वरूपात, संकेतस्थळावर टाकावेत. मुंबई सोडून इतरत्र समितीत सदस्य १६ असतात, उरलेल्या नगरसेवकांना आणि नागरिकांना निर्णय झाल्यावरच कळते. त्याचबरोबर प्रत्येक कामाच्या फलकावर नगरसेवकाच्या नावाखाली काँक्रीटची जाडी, एकूण घनमीटर, ठेकेदाराचे नाव आणि दोषदायित्व संपण्याची तारीख लिहावी. यासाठी नवा कायदा लागत नाही. मुख्य सभेचा एक ठराव आणि आयुक्तांचे एक परिपत्रक पुरे.

आपला,
महापालिकेच्या पथ विभागातून निवृत्त झालेला एक अभियंता, पुणे