धोंडसाच्या कृतीत आच पण छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

श्रावण जवळ आला की पेपरांच्या पुरवण्यांमधे कोकणातल्या पदार्थांच्या कृती यायला लागतात, तुमच्याही येतात, आणि त्यात धोंडस, काही ठिकाणी ज्याला तवसाळं म्हणतात ते, बहुतेक वेळा असतंच. वाचून बरं वाटतं, कारण तांदळाची कणी, तवसं (पावसाळ्यातली मोठी काकडी), गूळ नि खोबरं एवढ्यावर होणारा हा पदार्थ आता कोकणातल्याही बऱ्याच घरांत फक्त आठवणीपुरता उरलाय. पण प्रत्येक वेळी एक गोष्ट खटकते. साहित्य अगदी चिमूटभर मिठापर्यंत दिलेलं असतं आणि शेवटी एकच ओळ, ‘मंद आचेवर शिजवून घ्यावे’, नाहीतर ‘वीस मिनिटे वाफवून घ्यावे’. झालं, संपली कृती. अहो पण धोंडस हा वाफवायचा पदार्थच नाही, तो वरून-खालून भाजायचा पदार्थ आहे, आणि वाफवलं की जे होतं ते गोड ढोकळ्यासारखं पांढरट, ओलसर काहीतरी होतं, मग नवीन मुली एकदा करतात, घरात कोणाला आवडत नाही, आणि पदार्थाच्या नावावर कायमची फुली बसते. दोष पदार्थाचा नाही, अर्धवट कृतीचा आहे, म्हणून हे पत्र.

चुलीवर हे कसं करायचे ते आधी सांगते. जाड बुडाच्या पातेल्याला सगळीकडून तूप लावायचं, तळाला हळदीचं पान घालायचं (तवशी येतात त्याच दिवसांत हळदीची पानं पण येतात, पान नसलं तर केळीचं पान आचेवर जरा मऊ करून), त्यावर शिजवलेलं मिश्रण (ते कसं करायचं ते पुढे प्रमाणाबरोबर दिलंय) थापायचं. मग चुलीतला जाळ पूर्ण ओढून घ्यायचा, खाली मोजकेच निखारे ठेवायचे आणि पातेल्यावर काठ असलेलं सपाट झाकण ठेवून त्यावर रसरशीत निखारे पसरायचे. करवंटीचे निखारे सगळ्यात चांगले, त्यांची आच बराच वेळ टिकते. खाली कमी आणि वर जास्त, हे ह्यातलं मुख्य गणित आहे, कारण खाली तूप नि गूळ असतो तो लगेच करपतो आणि वरचा भाग मात्र वाळून लाल व्हायला चांगली सणसणीत आच लागते.

झाकण उघडायचं पण एक तंत्र आहे जे कुठल्याच छापील कृतीत मी बघितलं नाही. निखारे आधी चिमट्याने एका बाजूला घ्यायचे, राख फुंकायची अजिबात नाही, ओल्या फडक्याने झाकणाची कड पुसायची आणि मग झाकण तिरपं न करता सरळ वर उचलायचं. आमच्या शेजारच्या काकू तर झाकण उचललं की आधी फक्त कडेकडे बघतात. कड पातेल्यापासून सुटून आत ओढली गेली असेल आणि तिथे गुळाचे बारीक बुडबुडे येऊन सुकलेले दिसत असतील तर झालं, मधे सुरी घालून बघायची पण गरज नाही. वरती मधोमध फिकट आणि कडेला तपकिरी असेल तर निखारे मधे सरकवून परत दहा मिनिटं. हे असं लिहून दिलं तर कोणालाही जमेल, ह्यात काही गुपित नाही.

आता वाफ आणि भाजणं ह्यात एवढा फरक का पडतो ते. पदार्थात पाणी आहे तोपर्यंत तो साधारण १०० अंशाच्या वर तापत नाही, आणि रंग, खमंग वास, ती किंचित चिवट साय यायला त्याच्या बरीच वरची उष्णता लागते. म्हणजे वरचा थर आधी कोरडा व्हायला हवा तरच तो लाल होणार. बंद भांड्यात वाफ कोंडून ठेवली, झाकणाचं पाणी परत त्याच्यावरच ठिबकत राहिलं, तर तास झाला तरी रंग येणार नाही. झाकणावर निखारे असले की झाकण स्वतःच एवढं तापतं की त्याला पाणी धरत नाही, शिवाय वरून सरळ उष्णता मिळते. नुसत्या मायक्रोवेव्हमधे पण हेच होत नाही म्हणून त्यात धोंडस आतून शिजतं पण फिकटच राहतं. त्यात कन्व्हेक्शनची, म्हणजे गरम हवेने भाजायची, सोय असेल तर ती वापरावी.

आता निखारे कोणाकडे आहेत असं कोणी म्हणेल, बरोबर आहे, फ्लॅटमधे कुठून आणणार. पण ओटीजी, म्हणजे विजेवरचा छोटा ओव्हन, आता कितीतरी घरांत आहे आणि तो फक्त केक-पिझ्झ्यापुरता निघतो. दोन्ही रॉड चालू करून १८० अंशावर दहा मिनिटं आधी तापवून घ्या, मग ४० ते ४५ मिनिटं भाजा, आणि शेवटची पाच-सात मिनिटं वरून तूप फिरवून फक्त वरचा रॉड चालू ठेवा, तेव्हा मात्र समोरून हलू नका. ओटीजी नसेल तर गॅसवर पण होतं. पातेल्याच्या खाली जाड तवा ठेवून गॅस बारीक, आणि दुसऱ्या शेगडीवर एक लोखंडी तवा चांगला तापवून तो झाकणावर ठेवायचा, गार व्हायला लागला की परत तापवायचा. दोन तवे असतील तर आलटून पालटून. ह्याला जरा उभं राहावं लागतं पण रंग येतो, आणि एकदा रंग आलेलं खाल्लं की वाफवलेलं परत कोणी मागत नाही. एवढ्या चार ओळी छापायला जागा लागते किती?

कणीबद्दल पण लिहायलाच हवं. बऱ्याच कृतींत सरळ ‘इडली रवा’ लिहितात. इडली रवा हा उकड्या तांदळाचा असतो, तो पाणी वेगळ्या तऱ्हेने शोषतो आणि धोंडस जरा रबरासारखं होतं. चालतं, नाही असं नाही, पण घरातलाच साधा जुना तांदूळ धुवून, सावलीत पूर्ण वाळवून मिक्सरमधे रवाळ काढला तर फारच फरक पडतो, आणि भाताच्या गिरणीवरची कणी मिळाली तर प्रश्नच नाही. माझं मत विचाराल तर लाल तांदळाची कणी ह्याला सगळ्यात छान, रंगाला पण आणि चवीला पण. आणि कृपा करून त्यात मैदा घालायला सांगू नका. मैदा नि बेकिंग पावडर घातलेल्या कृती मी हल्ली फार बघते, त्याने फुगतं खरं, पण हे फुगवायचंच नाहीये, तांदळातला स्टार्च शिजून घट्ट धरतो त्यावरच त्याच्या वड्या पडतात. शिवाय गव्हातलं ग्लुटेन ज्यांना चालत नाही त्यांना हा मूळ पदार्थ निवांत खाता येतो, ती सोय आपण उगाच एक वाटी मैद्यापायी घालवतो.

प्रमाण म्हणाल तर १ वाटी कणी, २ वाट्या तवशाचा कीस, पाऊण वाटी गूळ, अर्धी वाटी ओलं खोबरं, २ चमचे तूप, मीठ, वेलची किंवा जायफळ. तवसं पिकलेलं, साल पिवळसर झालेलं घ्यावं, आधी चाखून बघावं कारण एखादं कडू निघतं आणि कडू निघालं तर सरळ टाकून द्यावं, गुळाने ते झाकत नाही. बिया काढायच्या पण किसाचं पाणी अजिबात पिळून टाकायचं नाही, काकडीत ९५ टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं आणि ह्याच पाण्यात कणी शिजते, वेगळं पाणी सहसा लागत नाही, फारच कोरडं वाटलं तर थोडं नारळाचं दूध. कणी तुपावर वास सुटेपर्यंत भाजायची, कीस पाण्यासकट घालून कणी पूर्ण फुलू द्यायची आणि त्याच्यानंतर गूळ. गूळ आधी घातला की दाणा शिजायला वेळ घेतो, कचकच राहते, मग ओव्हनमधे कितीही ठेवा. मिश्रण गोळा होऊन कडा सोडायला लागलं की पातेल्यात थापायचं.

आणि गरम असताना कापायचं नाही. हे तर कृतीत मोठ्या अक्षरात छापायला हवं. गरम धोंडस चमच्याने काढलं तर ते लगदाच वाटतं, दोन तास तरी गार होऊ दिलं की तांदूळ आवळतो आणि सुरीने नीट चौकोनी तुकडे पडतात.

अजून एक मला मनापासून वाटतं ते असं की तुम्ही हे नेहमी ‘सणाचे गोड पदार्थ’ ह्या सदरात टाकता, त्यामुळे लोकांना वाटतं वर्षातून एकदाच करायचं. घरच्या रोजच्या जेवणात पानात एका बाजूला हे फार चांगलं लागतं. गूळ निम्म्यावर आणायचा, मिठाचा हात जरा सढळ, थोडं आलं किसून, की तिखट आमटी किंवा काळ्या वाटाण्याच्या उसळीबरोबर एक तुकडा, वर लोण्याचा गोळा. लहान मुलं तर भाजी खाणार नाहीत पण हे खातील, आणि त्यांच्या पोटात काकडी गेली हे त्यांना कळणार पण नाही. सगळे एकत्र जेवायला बसणार असतील त्या दिवशी सकाळी करून ठेवलं की दुपारपर्यंत गार होऊन तयार, ऐनवेळी धावपळ नाही. उरलं तर मात्र फ्रीजमधे ठेवायचं, ओलं खोबरं आहे त्यात, पावसाळी दमट हवेत बाहेर ठेवलं तर आंबायला वेळ लागत नाही. दुसऱ्या दिवशी तव्यावर तुपात दोन्ही बाजूंनी परतलेला तुकडा, काही जणांना तर तोच ताज्यापेक्षा जास्त आवडतो.

तवशी पण आता शहरात सहज मिळत नाहीत हे मला माहितेय. पूर्वी पावसाळ्यात मांडवावर वेल चढायचे आणि जून झालेली तवशी दोरीने बांधून घरात आढ्याला टांगून ठेवायचे, मग पुढे कितीतरी दिवस पुरायची. नसेल मिळत तर बाजारातली मोठी जाड काकडी घ्या, चव थोडी उतरते पण पद्धत तीच. पद्धत मात्र सोडू नका, कारण तवसं पुढच्या वर्षी परत वेलीला लागेल, पण वर निखारे किती आणि खाली किती हे ज्या बायकांना हाताच्या अंदाजाने कळतं त्यांना विचारून कोणी लिहून घेतलं नाही तर ते परत मिळणार नाही.

म्हणून विनंती एवढीच आहे की यंदाच्या श्रावणातल्या पुरवणीत धोंडसाची कृती द्याल तेव्हा भांडं कोणतं, आच वरून किती, खालून किती, किती वेळ, झालं हे कशावरून ओळखायचं आणि गार किती करायचं, हे सगळं द्या. एखादा फोटो कमी छापला तरी चालेल. कोकणातल्या वाचकांना आवाहन करून त्यांच्या घरच्या पद्धती मागवा, गावागावात फरक असतो, कोणी भोपळा घालतं, कोणी फणस घालतं, भाजणं मात्र सगळीकडे एकच. ज्या आजी स्वतः लिहू शकत नाहीत त्यांच्याकडून नातवंडांनी लिहून घेऊन पाठवावं असंही त्यात लिहा.

आणि हे पत्र छापायला मोठं होत असेल तर तवशाचा, मैद्याचा, कुठलाही भाग कापा, माझी काही हरकत नाही, फक्त ओटीजी आणि दोन तव्यांचा परिच्छेद आहे तसा राहू द्या.

आपली,
एक नियमित वाचक
जि. रत्नागिरी