एनसीची मागची बाजू

संपादक महोदय,

आमच्या मजल्यावरच्या एका बाईकडे नवऱ्याच्या मारहाणीच्या पाच एनसी, म्हणजे पोलीस ठाण्यातल्या तक्रारीच्या नोंदी, आहेत. रेशन कार्ड, मुलांचे जन्मदाखले आणि गॅसचं पुस्तक ठेवायच्या प्लास्टिकच्या पिशवीत तिने त्या जपून ठेवल्यात. पहिली 2019 ची, पाचवी गणपतीतली. त्या रात्री मी तिच्याबरोबर पोलीस ठाण्यात गेले होते, म्हणून हे पत्र.

ड्युटीवरचे साहेब वाईट नव्हते, हे आधीच सांगते. खुर्ची दिली, पाणी दिलं. मला विचारलं, "मावशी, तुम्ही कोण यांच्या?" शेजारीण म्हटल्यावर आवाज जरा बदलला, एवढंच. अर्धं ठाणं बंदोबस्ताला गेलेलं, बाहेर मोबाइल चोरीला गेलेल्यांची रांग. साहेबांनी दोन रस्ते सांगितले. "एनसी करून घ्या, उद्या त्याला बोलावून समज देतो. नाहीतर मोठा गुन्हा घेतो. पण मग तो आत जाईल, घर कोण चालवणार ते बघा." कान सुजलेला, मांडीवर झोपलेलं पोर, रात्रीचे साडेअकरा. तिने काय बघायचं? झाली पाचवी एनसी.

एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तिचा तपासच करता येत नाही. आणि ठाण्यात मिळालेली 'समज' नवरा घरी येऊन कुणाला परत करतो, ते चाळीत सगळ्यांना ऐकू येतं. खरं तर वर्षानुवर्षांचा छळ हा दखलपात्र गुन्हा आहे. पूर्वीचं 498 अ, आता भारतीय न्याय संहितेचं कलम 85. प्रत्येक मार सुटा सुटा मोजला की मात्र त्याची एनसीच होते.

पण माझी तक्रार वेगळीच आहे. तिसरा रस्ता कुणी सांगितलाच नाही. "मला त्याला जेलमध्ये नाही घालायचं, मला घरात नीट झोपायचंय," असं ती बाई म्हणत होती. महापालिकेच्या रुग्णालयात कॅज्युअल्टीला नोकरी केली, तिथेही हेच वाक्य ऐकत आले. नेमकं यासाठीच 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे. मारू नये असा आदेश, राहत्या घरातून बाहेर न काढण्याचा आदेश, खर्चाला पैसे, हे सगळं त्यात मागता येतं. संरक्षण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. अर्जावर शक्यतो 60 दिवसांत निकाल द्यावा असं कायदा म्हणतो (प्रत्यक्षात किती लागतात ते कोर्टाच्या बाकावर बसलेल्यांना विचारा). आणि तक्रार घेऊन आलेल्या बाईला हे हक्क, या कायद्याखाली मदत करणारे संरक्षण अधिकारी आणि मोफत वकील यांची माहिती पोलिसांनी द्यायचीच आहे. कलम 5 तेच सांगतं.

मुंबईत सोयी नाहीत असंही नाही. पोलीस आयुक्तालयात टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने 1984 मध्येच महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 2000 मध्ये घरात मार खाणाऱ्या बायकांना आधार देणारं 'दिलासा' केंद्र आलं, मग महापालिकेच्या इतर रुग्णालयांत. त्याआधी आम्ही काय करायचो? "बाथरूममध्ये पाय घसरला" म्हटलं की टाके घालायचे, धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायचं आणि पाठवायचं. दंडावर चार बोटं उमटलेली दिसायची. बाथरूमला बोटं नसतात हे आम्हालाही कळत होतं. पण विचारायचं कसं, ते पुढे शिकलो. नवऱ्याला औषधं आणायला खाली पिटाळायचं आणि मग विचारायचं.

पोलिसांकडून मी एवढं कौशल्यही मागत नाही. त्या पाचही एनसींच्या पाठी कोऱ्या आहेत. तिथे भागातल्या संरक्षण अधिकाऱ्याचा पत्ता, जवळचं दिलासा केंद्र, विशेष कक्ष आणि 181, 103, 112 हे मदतीचे फोन नंबर छापा. छापणं जमत नसेल तर रबरी शिक्का मारा. कागद नवऱ्याच्या हाती पडेल, अशी शंका एका हवालदारांनी काढली. एनसी त्याच्या हाती पडतेच की! शिवाय ठाण्यात आलेल्या बाईला दोन मिनिटं बाजूला घेऊन हेच तोंडी सांगायला कागद तरी कशाला हवा?

आमच्या शेजारणीला शेवटी रुग्णालयातल्या समाजसेविकेने वाट दाखवली. विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मिळाल्या, फी नाही. महिलांना त्यासाठी उत्पन्नाची अट नसते, हे मला या वयात कळलं. अर्ज दाखल झालाय, पाचही एनसी त्याला जोडल्यात. कोर्टाबाहेर कागद शोधत बसायला वेळ नव्हता, म्हणून वकीलबाईंनी पुढची तारीख पाचव्या एनसीच्या झेरॉक्सच्या पाठीवर लिहून दिली.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, विक्रोळी, मुंबई
(शेजारणीची ओळख पटू नये म्हणून नाव छापू नये, ही विनंती.)