गुणांचा कोपरा दुमडणाऱ्या ताईला

प्रिय ताई,

तुझं पूर्ण नाव मी कधी विचारलंच नाही. अभ्यासिकेतले सगळे ताई म्हणायचे, म्हणून मीही म्हणायला लागलो. तू खिडकीजवळच्या टेबलाशी, मी दाराजवळ. वर्षभरात आपण जे काही बोललो ते सगळं मिळून दोन-तीन तास भरेल. तुझा पत्ता माझ्याकडे नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय. शिवाय काही विशिष्ट माणसांच्या नजरेला ते पडावं अशीही इच्छा आहे. ती कोण, ते वाचता वाचता त्यांचं त्यांना कळेल.

अकरावीच्या सहामाहीत मला भौतिकशास्त्रात 100 पैकी 31 मिळाले. दहावीपर्यंत परीक्षेआधी चार दिवस पुस्तक चाळलं की भागायचं, त्याच भरवशावर मी अकरावीत आलो होतो. तो पेपर तीन ठिकाणी हाताळला गेला. शाळेत सरांनी वर्गासमोर सांगितलं, "झेपत नसेल तर वेळीच विषय बदलावा माणसाने." शिकवणीत रविवारचा जादा तास लावला. घरी पहाटे पाच ते रात्री अकराचं वेळापत्रक भिंतीवर लागलं, तीन रंगांत. तिन्ही ठिकाणी पेपर उचलला गेला तो वरचा कोपरा बघायला. आतलं पान कुणीही उलटलं नाही. आजही याचा राग येतो, आणि तो मी लपवणार नाही.

त्या संध्याकाळी पेपर वहीखाली सरकवून मी पुस्तकावर पिवळा मार्कर ओढत बसलो होतो. पान इतकं पिवळं झालं होतं की न रंगवलेल्या ओळीच उठून दिसत होत्या. तू पाण्याची बाटली भरून परत येताना थांबलीस आणि विचारलंस, "बघू का?" मी पेपर दिला. नाही म्हणायचंही त्राण नव्हतं.

आणि तू लाल शाईतला 31 लिहिलेला तो कोपरा आत दुमडलास. नखाने घडी नीट दाबलीस. मग खुर्ची ओढून पहिल्या प्रश्नापासून वाचायला लागलीस.

एवढंच. पण ताई, त्या घडीखाली आकडा गेला आणि मला पहिल्यांदा माझा पेपर दिसला. तोवर मलाही 31च दिसत होते.

तू मानसशास्त्र शिकत होतीस. "मला यातलं ओ की ठो कळत नाही," म्हणालीस, "तूच सांग, हा गुण का गेला?" आणि प्रत्येक गेलेल्या गुणाशेजारी पेन्सिलीने एक खूण करत गेलीस. कळलंच नव्हतं तिथे 'न'. कळलं होतं पण ऐन वेळी आठवलं नाही तिथे 'वि'. येत होतं पण घाईत घालवलं, एकक लिहिलं नाही, चिन्ह उलटं घेतलं, अर्धा प्रश्नच वाचला नाही, तिथे 'घा'. तासाभराने बेरीज केलीस. गेलेल्या 69 गुणांपैकी 'वि' 41, 'घा' 17 आणि 'न' फक्त 11.

म्हणजे ज्या कारणासाठी मला विषय बदलायला सांगितलं जात होतं, त्या कारणाने माझे गेले होते 11 गुण. रविवारचा जादा तासही त्या 11 गुणांवरच खर्च होत होता. जे मला आधीच कळलेलं होतं ते मला पुन्हा पुन्हा समजावलं जात होतं, आणि जे मी विसरत होतो ते विसरू नये म्हणून काय करायचं, हे सांगणारं कुणीच नव्हतं. तासामागून तास वाढवायचा हा एकच उपाय सगळ्यांना माहीत होता.

दुसऱ्या दिवशी तू माझं पुस्तक मिटलंस आणि कोरा कागद पुढे सरकवलास. "आत्ता जे वाचलंस ते लिही." मी पंधरा मिनिटं अडखळत जेमतेम सहा ओळी लिहिल्या. लाज वाटली. तू म्हणालीस, हा जो त्रास होतोय ना, तोच अभ्यास. मग तुझ्या अभ्यासक्रमातला तो प्रयोग सांगितलास, रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांचा, 2006 सालचा. विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी तोच उतारा दोनदा वाचला, काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवेल तेवढं लिहिलं. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते, 81 टक्के विरुद्ध 75. आठवड्याने तपासलं तर पारडं फिरलं होतं: वाचणाऱ्यांना 42 टक्के आठवत होतं, लिहून बघणाऱ्यांना 56. माझी सगळी फसगत त्या पाच मिनिटांतली होती. पान वाचून झालं की सगळं ओळखीचं वाटायचं, आणि ओळखीचं म्हणजे येतंय असं मी धरून चालायचो. परीक्षा काही पाच मिनिटांनी नसते.

मार्कर मी तेव्हाच ठेवून दिला. 2013 साली मानसशास्त्रज्ञ डनलॉस्की आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या, त्यांत ओळी रंगवणं आणि पुन्हा पुन्हा वाचणं तळाच्या गटात गेलं, आणि स्वतःची परीक्षा घेणं व अंतर ठेवून उजळणी करणं या दोनच पद्धती वरच्या गटात आल्या, हे मी नंतर शोधून वाचलं. वाचून समाधान झालं आणि थोडा वैतागही आला. इतकी वर्षं हे माहीत असून ते आमच्या कुठल्याच वर्गाच्या दारातून आत कसं आलं नाही?

अंतर ठेवण्याची गोष्ट तू एक रेघ काढून सांगितलीस. 1885 साली एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून, अर्थ नसलेली अक्षरं पाठ करून, माणूस कसा विसरतो ते मोजलं. पहिल्या तासातच आठवणीची रेघ धाडकन खाली येते, नंतर हळूहळू उतरते. "तू विसरतोस म्हणजे तुझं डोकं चालतंय, सगळ्यांचं असंच होतं," हे तुझं वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. धडा त्याच दिवशी एकदा, मग तीन दिवसांनी, मग दहा दिवसांनी, प्रत्येक वेळी आधी कोरा कागद आणि मगच पुस्तक. सूत्रं आणि व्याख्या कार्डांवर लिहून बुटाच्या खोक्यात कप्पे केले. आलेलं कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलेलं पुन्हा पहिल्यात. काही कार्डं पहिल्या कप्प्यात इतकी मुरली की त्यांचे कोपरे झिजले. चुंबकत्वाची तर सगळीच.

गणितांचं मात्र मी तुझं ऐकायला महिना घालवला, हे कबूल करतो. एका प्रकरणाची वीस गणितं ओळीने सोडवायची मला सवय होती आणि त्यात मजाही यायची, कारण चौथ्या गणितानंतर हात आपोआप चालतो. तू म्हणालीस, तीन प्रकरणांची गणितं पिसून घे. घेतली, आणि निम्मी चुकली. मी तुझ्यावर चिडलो होतो, आठवतंय? तेव्हा तू रोहरर आणि टेलर यांच्या 2007 मधल्या प्रयोगाचे आकडे दाखवलेस. घनफळाची गणितं एकेका प्रकाराने सोडवणाऱ्यांची सरावात 89 टक्के बरोबर येत होती, सरमिसळ करणाऱ्यांची 60. आठवड्याने चाचणी घेतली तर पहिल्या गटाची 20 टक्के बरोबर आली, दुसऱ्याची 63. प्रकरणाच्या शेवटी दिलेलं गणित कुठलं सूत्र वापरायचं ते आधीच सांगून टाकतं. प्रश्नपत्रिका सांगत नाही. इतकी साधी गोष्ट, पण ती मला चिडल्याशिवाय कळली नाही.

भिंतीवरचं वेळापत्रक मीच काढलं. त्यावरून घरी दोन दिवस अबोला होता. पहाटे पाचला डोळे चोळत वाचलेलं डोक्यात राहत नव्हतं, आणि दिवसभर शिकलेलं पक्कं व्हायला झोप लागते हे आईला पटवायला मला तुझी मदत घ्यावी लागली. तू फोनवर तिच्याशी काय बोललीस ते मला अजून माहीत नाही. त्या रात्री मी साडेदहाला झोपलो आणि कुणी उठवलं नाही.

या सगळ्याचा तुला काय फायदा होता? तुझी स्वतःची परीक्षा महिन्यावर आलेली होती. माझ्याकडून तू फी घेतली नाहीस, माझ्या गुणांनी तुझं नाव कुठल्या फलकावर लागणार नव्हतं. जगात अशी माणसं असतात हे मला माहीत होतं, पण ती आपल्याच टेबलापासून चार पावलांवर बसलेली असतील असं वाटलं नव्हतं. ज्यांचं कामच मला शिकवणं होतं त्यांनी आकडा वाचला, आणि जिचं काहीच काम नव्हतं तिने अक्षर न् अक्षर. चांगुलपणा म्हटलं की लोक काहीतरी मोठं करून दाखवतात, निदान करून दाखवण्याचा आव तरी आणतात. समोरच्याने जे लिहिलंय ते आधी पूर्ण वाचावं, एवढीशी सभ्यता मात्र दुर्मिळ आहे.

वार्षिक परीक्षेत 64 आले. काही फार नाहीत, आणि रसायनशास्त्राची गाडी अजून घाटातच आहे. सर म्हणाले, "बघ, बोललो म्हणून सुधारलास." मी काहीच बोललो नाही. तू असतीस तर नक्की हसली असतीस.

पेपर मिळाल्यावर मी बाकावर बसूनच कोपरा आत दुमडला आणि पेन्सिल काढली. 'वि' 14, 'न' 8. उरलेले 14 सगळे 'घा' आहेत, आणि त्यातले तीन एकक न लिहिल्याचे. हे तुला सांगणार नव्हतो, पण तू बेरीज तपासशीलच.

तुझा,
दाराजवळच्या टेबलावरचा